पट्टा येतो कुठून?

फ्लेक्सवर पट्टा दिसला की बहुतेक दुकानांत पहिला हात जातो तो सोल्युशनच्या बाटलीकडे. हेड पुसलं जातं, पर्ज मारला जातो, पुन्हा प्रिंट, पुन्हा पट्टा, पुन्हा पर्ज. बरीच शाई वाया गेल्यावर कोणीतरी म्हणतं, "हेड गेलं वाटतं." पुष्कळदा हेड गेलेलं नसतं. रोल एका बाजूला सैल सुटत असतो, एन्कोडरच्या पट्टीवर धूळ बसलेली असते, नाहीतर शाईच्या वाटेतली एखादी गाळणी तुंबलेली असते. मशीनमधला सगळ्यात महाग भाग मात्र या साफसफाईत रोज थोडा थोडा झिजत राहतो. ही पुस्तिका त्या बाटलीला हात लागण्याआधीच्या पाच मिनिटांसाठी आहे. छापून आलेला तुकडा दिव्याखाली धरून नीट पाहिला, तर बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते त्यावरच उमटलेलं असतं.

पेण आणि रोहा डोळ्यांसमोर ठेवून ती का लिहिली, याचं कारण हवा. मशीनसोबत येणाऱ्या पुस्तकात खोलीचं तापमान साधारण २० ते २५ अंश आणि आर्द्रता ४० ते ६० टक्के असावी असं एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि पुढची सगळी पानं ती ओळ पाळली गेली आहे असं धरून चालतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ओळ कागदावरच राहते. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आणि मिठागरं, रोह्याच्या कडेने कुंडलिका. श्रावणात भिंतसुद्धा ओलसर लागते. आणि कामाची गर्दी नेमकी तेव्हाच सुरू होते: दहीहंडी, गणपती, नवरात्र, दसऱ्याला लागून रोह्यात धावीर महाराजांची पालखी. पोलिसांची सलामी घेऊन निघणाऱ्या या पालखीच्या स्वागताचे फलक आदल्या रात्रीपर्यंत छापले जात असतात. वर्षातलं सगळ्यात जास्त काम मशीन वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत करतं. कोरड्या गावच्या तंत्रज्ञाने फोनवरून सांगितलेला उपाय इथे अर्धाच लागू पडतो तो यामुळे.

पेणमध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गिऱ्हाईकाची नजर. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांमधून घरोघरी मूर्ती घडतात आणि पेणच्या गणपतीचं नाव आहे ते डोळ्यांच्या आखणीवर. बारीक ब्रशने एका दमात काढलेली ती रेघ पाहत जे वाढले, त्यांना छापलेल्या गणपतीच्या पापणीला दुहेरी कड आलेली लगेच दिसते. इतर ठिकाणी "चालतंय की" म्हणून जो फलक खांबावर चढतो, तो इथे परत येतो. ऑपरेटरला याचा त्रास होतो खरा, पण मला हे गिऱ्हाईक आवडतं. पापणीची दुहेरी कड हा मशीन तपासण्याचा उत्तम नमुना आहे आणि तो आपल्याला फुकट तपासून मिळतो.

आता थेंबाविषयी, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. वीज दिली की स्फटिक आकार बदलतो, ही उलटी बाजू पुढच्याच वर्षी सिद्ध झाली. फ्लेक्सच्या मशीनमधलं पिएझो हेड याच उलट्या बाजूवर चालतं. शाई भरलेल्या अरुंद खाचेची भिंत विजेच्या झटक्याने वाकते आणि तोंडातून एक थेंब सुटतो. आपल्याकडे खूप दुकानांत दिसणारं कोनिका ५१२ घ्या. त्यात २५६ नोझलच्या दोन ओळी असतात आणि त्याच्या मोठ्या थेंबाच्या प्रकारात एक थेंब ४२ पिकोलिटरचा असतो. म्हणजे एका लिटर शाईत असे सुमारे २,४०० कोटी थेंब. गोल धरला तर या थेंबाचा व्यास ४३ मायक्रॉनच्या आसपास येतो, बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षा बारीक. इतका लहान थेंब ज्या तोंडातून निघतो, तिथे धुळीचा कण किंवा सुकलेल्या शाईची साय पुरेशी ठरते. मूर्तिकाराला हे निराळं सांगावं लागत नाही. स्प्रे गनचं तोंड तुंबलं की रंग एका बाजूला फेकला जातो, आणि गन रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी काय होतं हे कारखान्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. हेड म्हणजे तशा शेकडो गन शेजारी शेजारी, फक्त त्यांत सुई घालून चालत नाही.

नोझलच्या तोंडाशी शाई आतल्या बाजूला किंचित ओढलेली असावी लागते. ही ओढ मशीन निगेटिव्ह प्रेशरने राखतं. ओढ कमी झाली की हेड गळू लागतं आणि फ्लेक्सवर शाईचे ठिपके पडतात. जास्त झाली की हवा आत जाते आणि एकदम दहा-बारा नोझल गप्प होतात. इथे एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुंबलेलं नोझल प्रत्येक टेस्टमध्ये त्याच जागी रिकामं दिसतं. हवा शिरली असेल तर रिकाम्या जागा दर टेस्टला हलतात. पहिल्याला सोल्युशन लागतं. दुसऱ्याला सोल्युशनने काहीच होत नाही, तिथे पाईपचे जोड, सब-टँकची पातळी आणि प्रेशरचा पंप पाहायचा असतो. दोन्हींवर तोच पर्ज मारत राहणं ही या धंद्यातली सर्वांत महाग सवय आहे.

नोझल टेस्टमध्ये रेघ आहे पण वाकडी आहे, हा तिसरा प्रकार, आणि मला वाटतं सर्वांत जास्त दुर्लक्षित. ऑपरेटर मोजतो ती गैरहजर नोझलं, वाकडी नाही. पण वाकडं नोझल दोन ठिकाणी गुन्हा करतं: स्वतःच्या जागी पांढरी रेघ सोडतं आणि शेजाऱ्याच्या जागी गडद. तोंडाच्या कडेला अर्धवट सुकलेली शाई हे त्याचं नेहमीचं कारण. अशा वेळी जोराचा पर्ज मारण्यापेक्षा सोल्युशनने ओलावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर हेड काही वेळ टेकवून ठेवणं जास्त उपयोगी पडतं. इथे "धागे न सुटणाऱ्या" हे शब्द महत्त्वाचे. जुन्या बनियनचा तुकडा हे कापड नव्हे.

पट्टा वाचायचा तो असा. कॅरेज धावते त्या दिशेने रेघ असेल तर ती आडवी, मीडिया सरकतो त्या दिशेने असेल तर उभी. आडवी रेघ एकाच रंगात दिसत असेल तर नोझलकडे संशय घ्या. सगळ्या रंगांत, ठरावीक अंतराने, सारख्या जाडीची येत असेल तर हेडला सोडून द्या, दोष मीडिया सरकण्यात आहे. दर पासला तो थोडा जास्त सरकला तर पांढरी रेघ राहते, कमी सरकला तर दोन पास एकमेकांवर चढून गडद रेघ उमटते. स्टेपचा आकडा बदलून हे जुळवता येतं, पण भरलेला रोल जड असतो आणि संपत आलेला हलका, त्यामुळे सकाळी जुळवलेला आकडा संध्याकाळी चुकतो. रेघ फलकाच्या एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक होत गेली, तर रोल तिरका लागला आहे किंवा पिंच रोलरचा दाब दोन्हीकडे सारखा नाही. आकडा कितीही फिरवा, तिरका रोल सरळ होणार नाही.

उभ्या पट्ट्यांची गोष्ट वेगळी. कॅरेज कुठे आहे हे मशीनला कळतं ते एन्कोडरच्या पारदर्शक पट्टीवरून. तिच्यावर बऱ्याच मशीनांत इंचाला १५० किंवा १८० रेघा असतात आणि सेन्सर त्या मोजत जातो. त्यावर शाईचा तुषार किंवा धूळ बसली की मोजणी चुकते, चित्र त्या जागी फाटतं, किंवा कॅरेज अचानक थांबते. पेणमध्ये महामार्गाच्या कडेला दुकान असेल तर उन्हाळ्यात उडणारी धूळ, आणि शेजारी मूर्तीचा कारखाना असेल तर प्लास्टर घासल्याची पांढरी भुकटी, दोन्ही या पट्टीवर येऊन बसतात. आठवड्यातून एकदा मऊ कापडाने हलकेच पुसलं तरी पुरतं. कडक थिनर मात्र नको, रेघाच पुसल्या जातील.

एक फसवा दोष स्वतंत्रपणे सांगतो. टेस्ट पूर्ण येते, एकही नोझल गैरहजर नाही, पण फलकावरच्या मोठ्या गडद निळ्या भागात थोडं अंतर गेल्यावर रंग फिका पडायला लागतो आणि थोडं थांबून पुन्हा सुरू केलं की परत भरून येतो. हे हेडचं दुखणं नाही. शाई जितक्या वेगाने खर्च होते तितक्या वेगाने मागून येत नाही: फिल्टर भरला आहे, डॅम्पर थकला आहे, किंवा पाईप कुठेतरी दुमडला आहे. टेस्टला चमचाभरही शाई लागत नाही, म्हणून ती पास होते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या शाई एका टँकमध्ये एकत्र झाल्यावर हा प्रकार हटकून उद्भवतो. दोघींची रसायनं पटली नाहीत तर गाळ धरतो आणि तो पहिल्यांदा फिल्टरमध्ये अडकतो. पुढे हेडमध्ये पोचला, तर मग मात्र "हेड गेलं" हे वाक्य खरं ठरतं. गणपतीच्या आठ दिवस आधी ओळखीच्या दुकानातून उसनी आणलेली बाटली याच कारणाने महाग पडते.

पापणीच्या दुहेरी कडेकडे परत येतो, कारण तिच्यामागे साधं गणित आहे. कॅरेज धावत असताना थेंब सरळ खाली पडत नाही, पुढे झुकत पडतो. थेंबाचा वेग सेकंदाला ६ मीटर, कॅरेजचा १ मीटर आणि हेड फ्लेक्सपासून २ मिलिमीटर वर असेल, तर थेंब सुटल्या जागेपासून साधारण एक तृतीयांश मिलिमीटर पुढे पडतो. परतीच्या फेरीत तितकाच उलट्या दिशेला. दोन फेऱ्यांची रेघ एकावर एक बसावी म्हणून बाय-डायरेक्शनल ॲलाइनमेंट करतात. आता हेडची उंची एका मिलिमीटरने वाढवली, तर जुळलेल्या दोन रेघांमध्ये पुन्हा सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरची फट पडते. पावसाळ्यात फ्लेक्सच्या कडा उचलतात, हेड घासू नये म्हणून ऑपरेटर कॅरेज वर करतो, आणि ॲलाइनमेंट जुनीच राहते. उंची बदलली की ॲलाइनमेंट नव्याने, हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. घाईत असाल तर त्या एका कामापुरतं एकाच दिशेने छापा. वेळ जवळजवळ दुप्पट लागेल, पण डोळा नीट येईल.

दमट हवेविषयी एक गैरसमज रुजलेला आहे. "पावसात शाई सुकत नाही" हे सगळे म्हणतात, पण सॉल्व्हंट शाईत पाणी नसतं, आणि हवेतली वाफ तिला पाण्याच्या शाईइतकी अडवत नाही. खरा अडथळा निराळा आहे. पाऊस आत येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलेलं, खिडक्या बंद, एक्झॉस्टला प्लास्टिक बांधलेलं. सॉल्व्हंटची वाफ खोलीतच कोंडते आणि फ्लेक्सवरून उडायला जागा मिळत नाही. हीटर वाढवून यातलं थोडंच सुधारतं. एक्झॉस्ट सुरू ठेवा, छापलेल्या भागावरून हवा फिरू द्या आणि गडद काळ्यासाठी चारही रंग भरभरून ओतू नका. रिपमध्ये शाईची एकूण मर्यादा थोडी खाली आणली तरी फलक चिकटायचा थांबतो. ही हवा तुमच्याही छातीत जाते, म्हणून प्रिंट चांगली येत असली तरी एक्झॉस्ट लागतोच.

दवाचा प्रश्न मात्र खरा आहे. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर २७ अंशांपेक्षा गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरतं. रात्रभर एसीत गार झालेलं मशीन, सकाळी एसी बंद, शटर वर. बाहेरची हवा आत येते आणि प्लॅटनवर, रोलवर, हेडच्या बोर्डावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसतो. फ्लेक्सवर थेंब पसरतात, शाई नखाने निघते. बोर्डावर काय होतं ते सांगायला नको. एसी ठेवायचा तर एकसारखा ठेवा, नाहीतर सकाळी खोलीची आणि मशीनची गरमी सारखी होईपर्यंत छापू नका. रोल जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकवून उभे करू नका, आणि उद्याचा रोल आज रात्रीच मशीनच्या खोलीत आणून ठेवा.

विजेबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात पास अर्ध्यावर असताना लाईट जाते, हेड कॅपवर परतत नाही आणि तोंडं उघडी राहतात. यूपीएस निदान कॅरेज जागेवर जाईपर्यंत चालला पाहिजे. अर्थिंग दर मे महिन्यात इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. नवीन मशीन घेताना याचा खर्च कोणी धरत नाही आणि नंतर सगळेच करतात.

रोह्याला एक वेगळा धंदाही आहे. धाटावच्या एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांना आराखडे लागतात आणि ते पाण्याच्या शाईच्या प्लॉटरवर निघतात. यातल्या पुष्कळ प्लॉटरमध्ये पिएझो नसतो. शाई क्षणभर तापवली की बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ मध्ये तापलेली सोल्डरिंगची कांडी सुईला लागून शाई उडाली आणि ही कल्पना सुचली, असं सांगतात. या यंत्रात हेड ही खर्चून बदलायचीच वस्तू असते, तेव्हा फ्लेक्सवाल्याची भीती इथे लागू नाही. इथे दोष येतो तो कागदातून. कागद ओल पितो आणि फुगतो, लांबीपेक्षा रुंदीत जास्त. ए-झिरोची लांब बाजू ११८९ मिलिमीटर. ती हजारात दोन भागांनी जरी वाढली, तरी सव्वादोन मिलिमीटरहून जास्त फरक पडतो, आणि १:१०० च्या आराखड्यावर पट्टी ठेवून मोजणाऱ्याला तो जागेवर सव्वादोनशे मिलिमीटर होऊन भेटतो. प्लॉटरचं कॅलिब्रेशन करताना रोल त्या खोलीत किती वेळ आहे हे आधी विचारा. आणि आराखड्यावरची मापं पट्टीने मोजू नका, लिहिलेली वाचा, हे साहेबांना सांगायची हिंमतही ठेवा.

काही दोष मशीनचे नसतातच. भगवा रंग पिवळट आला तर आधी मॅजेंटाची टेस्ट पाहा, कारण भगव्याचं सगळं तेज त्या रंगावर उभं असतं. मॅजेंटाची थोडी नोझलं गेली तरी भगवा फिका पडतो, आणि सणाच्या फलकावर ही चूक कोणीही माफ करत नाही. टेस्ट पूर्ण असेल तर मीडियाचं प्रोफाइल पाहा. फ्लेक्स बदललेला असतो, प्रोफाइल जुनंच असतं. दुसरी तक्रार "फोटो फुटला" ही. नेत्याचा किंवा मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो व्हॉट्सॲपवरून येतो, लांब बाजूला सुमारे १,६०० पिक्सेल होऊन. तो दहा फुटांवर ताणला की इंचाला तेरा-चौदा पिक्सेल उरतात. वीस फुटांवरून पाहणाऱ्या माणसाला इंचाला पंधराच्या आसपास पुरतात, म्हणून नाक्यावरच्या उंच फलकावर तो कसाबसा निभतो. मंडपाच्या दारातल्या सेल्फीच्या पडद्यावर, जिथे माणूस तीन फुटांवर उभा राहतो, तोच फोटो फुटलेला दिसणार, आणि कितीही पास वाढवले तरी दिसणार. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. मिळाली नाही तर छापण्याआधी गिऱ्हाईकाला स्क्रीनवर दाखवा आणि होकार घ्या. भांडण मशीनशी नाही हे तिथेच स्पष्ट होतं.

पुस्तिकेची रचनाही दुकानातल्या प्रसंगांप्रमाणेच आहे. पहिल्या भागात दोषांचे नमुने आहेत, मूळ आकारात छापलेले, म्हणजे तुमच्या हातातला तुकडा त्यांच्याशेजारी धरता येईल. दुसऱ्या भागात शाईची वाट, टँकपासून नोझलपर्यंत. तिसऱ्यात मीडिया, हवा आणि वीज. हेड उतरवून साफ करण्याचं प्रकरण मुद्दाम शेवटी टाकलं आहे. आधीची पानं उलटल्याशिवाय तिथे पोचू नये, असा त्यामागचा खोडसाळ हेतू आहे. शेवटची पानं कोरी आहेत. रोज सकाळची नोझल टेस्ट तारीख घालून तिथे चिकटवा, खाली खोलीची आर्द्रता लिहा. बाजारात मिळणारा साधा मीटर त्यासाठी पुरतो. वर्षभराची पानं जमली की कोणतं नोझल जुलैत जातं आणि कोणतं मेमध्ये, हे तुम्हाला तंत्रज्ञापेक्षा आधी कळेल, आणि त्याला फोन कराल तेव्हा "पट्टे येतात" एवढंच न सांगता पान उघडून बोलता येईल.

यूव्ही आणि कापडावर छापणारी मशीनं इथे घेतलेली नाहीत. यूव्ही शाई प्रकाशाने घट्ट होते, त्यामुळे तिच्यात सुकण्याचे नियम वेगळे आणि तुंबण्याची कारणंही वेगळी. तशी मशीनं असलेल्यांनी मीडिया सरकण्याचं, ॲलाइनमेंटचं आणि विजेचं प्रकरण जरूर वाचावं, ते त्यांनाही जसंच्या तसं लागू पडतं. शाईविषयीची पानं मात्र सोडून द्यावीत. त्यातलं सोल्युशन त्यांच्या हेडला चालणार नाही.